रक्ताच्या कप्प्यात ठेवलेला मेंदूचा प्रश्न



मागच्या आठवड्यात एमएस्सीच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीचा मेसेज आला. "ताई, सेमिनारला 'चयापचयाचे आनुवंशिक विकार आणि मेंदू' हा विषय मिळालाय. जिथे बघावं तिथे पीकेयूच. पीकेयूचा पेशंट मी आयुष्यात पाहिलेला नाही. आपल्या भागातलं काही उदाहरण आहे का?"

आपला भाग म्हणजे सिरोंचा. प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दोनशे किलोमीटरच्या वर असलेलं आमचं गाव. मी लगेच उत्तर दिलं, "नाही गं, हे आजार फार दुर्मीळ असतात. पीकेयूच घे." आणि जेवायला गेले.

जेवताना लक्षात आलं की मी चुकीचं उत्तर दिलंय. ते उत्तर माझं नव्हतंच, मी वाचलेल्या पुस्तकातल्या प्रकरणाचं होतं. म्हणून आज नेहमीसारखा एकच शोधनिबंध समजावून न सांगता, त्या प्रकरणावर आणि त्याच्या आजूबाजूच्या तीन शोधनिबंधांवर टीका करणार आहे. टीका म्हणजे दोष काढणं नाही. कुठल्या मजकुराने कुठला प्रश्न विचारला आणि कुठला विचारलाच नाही, हे शोधणं म्हणजे टीका. संशोधनाची तयारी करताय ना? मग ही सवय पेट परीक्षेपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

आधी प्रकरण काय सांगतं ते बघू, आणि त्याचं श्रेय त्याला देऊ. फिनाइलकीटोन्युरिया, म्हणजेच पीकेयू, ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. १९३४ साली नॉर्वेत एक आई आपल्या दोन मतिमंद मुलांना घेऊन अस्बयॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे गेली. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली. त्या रंगाचा माग काढत फॉलिंग एका चुकीच्या रासायनिक पदार्थापर्यंत पोचले. पुढे कळलं की फिनाइलअलानिन या अमिनो आम्लाचं टायरोसिनमध्ये रूपांतर करणारं एन्झाइम या मुलांत काम करत नाही. रक्तात फिनाइलअलानिन साचतं. मेंदूत जायच्या दारावर मोठ्या अमिनो आम्लांसाठी एकच वाहक असतो, त्यावर ते गर्दी करून बाकीच्यांना अडवतं. डोपामिन आणि सेरोटोनिन कमी पडतात, चेतातंतूंवरचं मायलिनचं आवरण नीट घडत नाही. १९५३ मध्ये होर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी आहार बदलून सुधारणा होते हे दाखवलं. १९६३ मध्ये रॉबर्ट गथ्री यांनी टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरची सोपी चाचणी प्रसिद्ध केली. एन्झाइम, रसायन, मेंदू, आहार, चाचणी. एकही कडी तुटत नाही.

पण असं नमुनेदार उदाहरण न बोलता काही गोष्टी शिकवून जातं. पीकेयू वाचून आपण नकळत तीन समजुती उचलतो. एक, असे आजार दुर्मीळ असतात. दोन, ज्या एन्झाइममध्ये बिघाड असतो त्याच्याच मागे साचलेला पदार्थ मेंदूला मारतो. तीन, मार बसतो तो बुद्धीला. या तिन्ही समजुती आमच्या तालुक्यात घेऊन फिरलात तर समोरचा आजार दिसणार नाही.

तो आजार म्हणजे जी६पीडीची कमतरता. ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजिनेज. हे एन्झाइम आपल्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत आहे, पण पेंटोज फॉस्फेट मार्गाच्या प्रकरणात, 'हिमोलायटिक ॲनिमिया' या शब्दाच्या शेजारी. म्हणजे रक्ताच्या कप्प्यात. जगात याची कमतरता असलेले सुमारे ४० कोटी लोक आहेत असा अंदाज सांगितला जातो. माणसातला हा सर्वांत जास्त आढळणारा एन्झाइमदोष आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया, तिथे तो जास्त. आणि गडचिरोली म्हटलं की मलेरिया वेगळा सांगावा लागतो का?

त्याचा शोधही मलेरियाच्या औषधातूनच लागला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर प्रायमाक्विनच्या चाचण्या चालायच्या. काही कैद्यांच्या लाल पेशी या औषधाने फुटत. १९५६ मध्ये कार्सन, आल्व्हिंग आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये दाखवलं की अशा पेशींमध्ये हे एन्झाइम कमी आहे. बंदिवानांची संमती किती खरी असते हा प्रश्न या शोधाला कायमचा चिकटलेला आहे. पण दुसरी गोष्टही बघा: आजार प्रथम प्रौढ पुरुषांच्या रक्तात दिसला, म्हणून तो रक्ताचा आजार ठरला. नवजात बाळांच्या वॉर्डात प्रथम दिसला असता तर आज तो कुठल्या प्रकरणात असता?

आता मेंदूपर्यंतचा रस्ता चालू. लाल पेशीत मायटोकाँड्रिया नसतात. ऑक्सिडेशनचा मार सोसायला तिला एनएडीपीएच हवं, आणि ते तिला मुख्यतः जी६पीडीच्या पायरीवरच मिळतं. एन्झाइम कमी असेल तर जंतुसंसर्ग, काही औषधं किंवा कपड्यांत ठेवलेल्या डांबराच्या गोळ्यांतलं नॅप्थलिन एवढ्यानेही पेशी फुटू शकतात. पेशी फुटली की हिमोग्लोबिन मोडतं आणि पिवळं बिलिरुबिन तयार होतं. यकृतातलं दुसरंच एक एन्झाइम, यूजीटी१ए१, त्याला विरघळणारं करून बाहेर टाकतं. नवजात बाळात हे एन्झाइम अजून पुरतं जागं झालेलं नसतं, म्हणून थोडी कावीळ बऱ्याच बाळांना होते आणि आपोआप उतरते. पण बिलिरुबिन फार वाढलं की रक्तातल्या अल्ब्युमिनला ते सगळं धरून ठेवता येत नाही. मोकळं राहिलेलं बिलिरुबिन रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा ओलांडतं.

आणि ते सगळीकडे सारखं बसत नाही. ग्लोबस पॅलिडस, सबथॅलॅमिक केंद्रक, मेंदूच्या देठातली ऐकण्याची केंद्रकं, हिप्पोकॅम्पस, सेरिबेलम, या जागा ते निवडते. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ श्मोर्ल यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याला 'केर्निक्टेरस' नाव दिलं. केर्न म्हणजे केंद्रक, इक्टेरस म्हणजे कावीळ. वाचलेल्या मुलात पुढे काय दिसतं? हातपाय स्वतःच्या मर्जीने पिळवटतात. नजर वर नेता येत नाही. ऐकणं बिघडतं, तेही फसव्या रीतीने: कानातलं यंत्र चालू, पण आवाज मेंदूकडे नेणारी वाट खराब. म्हणून फक्त कानाचा प्रतिध्वनी मोजणारी चाचणी अशा मुलाला 'ठीक' म्हणू शकते आणि मेंदूच्या देठाची चाचणी तोच दोष पकडते. आणि बुद्धी? ती अनेकदा बरीच शाबूत राहते.

इथे मला थांबावं लागतं. आमच्या शेजारी एक मुलगा आहे. आता बारा-तेरा वर्षांचा असेल. वस्तू उचलायला हात पुढे केला की हात भलतीकडे वळतो, मान मागे जाते. बोलणं घशात अडकतं. सगळी गल्ली त्याला 'मंद' म्हणते. मीही लहान बहिणीला तसंच सांगितलं होतं. पण कॅरम खेळताना कुणी लबाडीने सोंगटी सरकवली की सर्वांत आधी तोच ओरडतो. त्याची आजी एकदा आईला सांगत होती की जन्मल्यावर चौथ्या दिवशी तो हळदीसारखा पिवळा झाला होता, दूध ओढेना, नुसता झोपून राहायचा. उन्हात ठेवलं. ट्रंकेतल्या जुन्या मऊ कपड्यांत गुंडाळलं. आमच्याकडे अशा ट्रंकेत डांबराच्या गोळ्या असतातच.

यावरून त्याला जी६पीडीची कमतरता आहे असं म्हणता येतं का? अजिबात नाही. त्याची कुणी चाचणी केलेली नाही. जन्माच्या वेळी गुदमरण्यापासून जंतुसंसर्गापर्यंत इतर कारणं असू शकतात. एका आठवणीवरून निदान करणं ही संशोधकाने टाळायची पहिली चूक. मी ही गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगतेय. पीकेयूच्या नमुन्यावर शिकलेल्या मला 'चयापचयाचा विकार म्हणजे बुद्धी गेली' एवढंच माहीत होतं. त्यामुळे त्याचं शरीर अडकलंय की मन, हा प्रश्न मला सुचलाच नाही. समजत असलेल्या मुलाला 'मंद' म्हणून शाळेबाहेर ठेवण्याची किंमत कुणी मोजली?

आता शोधनिबंधांकडे.

पहिला १९९७ चा. इस्रायलमधल्या मायकेल कॅप्लान आणि सहकाऱ्यांचा, 'पीएनएएस'मधला. त्यांनी विचारलं: एन्झाइम कमी असलेल्या काही बाळांनाच जास्त कावीळ का होते? त्यांनी यकृतातल्या यूजीटी१ए१च्या जनुकापुढचा नियंत्रक भागही तपासला. जी६पीडी कमी पण हा भाग सामान्य अशा बाळांत मोठी कावीळ ९.७ टक्क्यांना झाली, म्हणजे एन्झाइम सामान्य असणाऱ्यांइतकीच. नियंत्रक भागाची एक प्रत बदललेली असेल तर ३१.६ टक्के. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर ५० टक्के.

हा निबंध मला फार आवडतो. 'एक जनुक, एक आजार' ही आपली समजूत तो मोडतो, आणि मघाची दुसरी समजूतही. इथे मेंदूला मारणारा पदार्थ बिघडलेल्या एन्झाइमच्या मागे साचत नाही. तो दोन एन्झाइमच्या मधल्या फटीत साचतो. पण ५० टक्के वाचून लगेच वहीत उतरवू नका. ते १२ पैकी ६ बाळं आहेत. आणखी दोन बाळं इकडची तिकडे झाली असती तर आकडा किती हलला असता, हे स्वतः काढून बघा. शिवाय हा निबंध बिलिरुबिनपाशी थांबतो. मेंदूचं काय झालं हा त्याचा प्रश्न नाही.

दुसरा १९९५ चा. काएडा आणि सहकाऱ्यांचा, 'अमेरिकन जर्नल ऑफ ह्यूमन जेनेटिक्स'मधला. भारतातल्या वेगवेगळ्या गटांत जी६पीडीची कमतरता ३ ते १५ टक्के सापडली. आणि आदिवासी गटांत तिचं मुख्य कारण शहरातल्यापेक्षा वेगळं निघालं. शहरी लोकांत मेडिटरेनियन हा व्हेरियंट जास्त, तर आदिवासी गटांत आधी कुणालाच माहीत नसलेला एक. त्यांनी त्याला 'जी६पीडी ओरिसा' नाव दिलं. प्रथिनातल्या ४४ व्या जागी अलानिनऐवजी ग्लायसिन. एवढ्याशा बदलाने एनएडीपीसाठीचा केएम पाचपट वाढतो. म्हणजे काय, तर एन्झाइमची एनएडीपीवरची पकड सैल होते आणि निम्मा वेग गाठायलाही पाचपट एनएडीपी लागतं.

शेतातल्या रक्तनमुन्यापासून प्रथिनातल्या एका जागेपर्यंत सरळ पोचणारं काम आहे हे. भारतातल्या आदिवासींकडे कुतूहलाची वस्तू म्हणून न बघता रेण्वीय पातळीवर नीट प्रश्न विचारणारं. तरी दोन गोष्टी खटकतात. शीर्षकात 'भारतातल्या आदिवासी लोकसमूहांत' आहे. पण माडिया, गोंड, कोलाम, कोया हे एकच आहेत का? शीर्षकातला भारत आणि तक्त्यातली गावं शेजारी ठेवून वाचा. प्रत्येक निबंधाला हे करायचंच. दुसरं, हा व्हेरियंटचा निबंध आहे, बाळांचा नाही. या व्हेरियंटचं बाळ चौथ्या दिवशी किती पिवळं होतं, हे त्याच्या चौकटीत येत नाही.

तुम्ही म्हणाल, व्हेरियंटची तीव्रता ठरवणारं वर्गीकरण आहे की! आहे. १९८५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने पाच वर्ग केले. पण ते मुख्यतः एन्झाइमची क्रिया किती टक्के उरली यावर आधारलेले. २०२२ मध्ये ते बदलले आणि पूर्वीचे दुसरा व तिसरा, म्हणजे 'तीव्र' आणि 'सौम्य', हे वर्ग एकाच 'बी' वर्गात घातले. जवळपास चाळीस वर्षं 'सौम्य' म्हणून वाचलेला शब्द एका बैठकीत गेला. वर्गीकरण हे निसर्गाने दिलेलं सत्य नसतं, कुणीतरी कुठल्यातरी कामासाठी केलेली मांडणी असते, याचं यापेक्षा चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

तिसरा आपल्या जिल्ह्यातला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला डॉ. अभय बंग आणि 'सर्च'च्या सहकाऱ्यांचा निबंध. गडचिरोलीतल्या ३९ गावांत प्रशिक्षित गावकरी आरोग्यसेविकांनी घरी जाऊन बाळं तपासली, सेप्सिसवर उपचार केले. तुलनेला ४७ गावं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या हिशेबात ६२ टक्क्यांनी घटला. जगाने या निबंधाकडून शिकावं असंच हे काम आहे, आणि आशाताईंच्या आजच्या घरभेटींमागे त्याचा मोठा हात आहे.

यावर टीका करताना माझी जीभ अडखळते. पण करू या, कारण आदर असलेल्या कामावर टीका करता येणं हीच खरी परीक्षा. या प्रयोगाची मुख्य मोजणी मृत्यूची. त्या तक्त्यात बाळ दोनच प्रकारचं असतं, जिवंत किंवा मृत. पिवळं होऊन वाचलेलं, पुढे हात पिळवटणारं बाळ 'जिवंत'मध्ये जमा होतं. हा प्रयोगाचा दोष नाही. हजारामागे साठच्या आसपास बाळं दगावत असताना मृत्यू मोजणं हेच योग्य होतं. उलट सेप्सिसमध्ये तो पडदा आणखी कमजोर होतो, म्हणजे सेप्सिसवरच्या उपचारांनी काही मेंदूही वाचले असावेत. पण त्या मोजणीत ते दिसू शकत नाहीत. जे मोजलं नाही ते नव्हतंच, असं मात्र पुढच्या वाचकाने समजू नये.

आता चारही मजकूर एका ओळीत ठेवा. पाठ्यपुस्तकात मेंदू आहे, पण दुर्मीळ आजाराचा. १९९७ च्या निबंधात बाळं आहेत, पण दूरची, आणि मोजणी बिलिरुबिनपर्यंतच. १९९५ मध्ये आदिवासी गट आहेत, पण बाळं नाहीत. १९९९ मध्ये आपली बाळं आहेत, पण मोजणी जगण्याची. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर आहे. आणि आमच्या शेजारचा मुलगा या चौघांच्या मधल्या जागेत बसलाय.

मला वाटतं, संशोधनाचा विषय असाच सापडतो. 'यावर काम झालेलं नाही' या वाक्याला अर्थ नसतो, प्रत्येक गोष्टीवर कुणीतरी थोडं काम केलेलंच असतं. चार चांगली कामं एकमेकांच्या शेजारी ठेवल्यावर मधे जी फट दिसते, ती दाखवता आली पाहिजे.

फट दिसली म्हणजे काम सोपं झालं असं नाही. समजा तुम्ही म्हणालात, सिकलसेलसाठी बोटातून रक्ताचा थेंब घेतातच, २०२३ पासून राष्ट्रीय मोहीमही आहे, त्यातच जी६पीडी बघू. विचार चांगला. पण त्या मोहिमेतला थेंब बहुतेक मोठ्या मुलांचा आणि प्रौढांचा, आणि आपला धोका पहिल्या आठवड्यातला. दुसरं, प्रकाशणाऱ्या ठिपक्याची जी स्वस्त चाचणी आहे ती मुलग्यांत चांगली चालते. मुलींत जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने चांगल्या आणि खराब पेशींचं मिश्रण असू शकतं आणि चाचणी फसते. तिसरं, पेशी नुकत्याच फुटल्या असतील तर उरलेल्या ताज्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. म्हणजे बाळ सर्वांत आजारी असतं तेव्हाच चाचणी 'ठीक' म्हणू शकते. चौथं, सावळ्या कातडीवर पिवळेपणा डोळ्यांना उशिरा दिसतो. या चार अडचणी सोडवण्याचा आराखडा हाच एक प्रबंध होऊ शकतो.

आणि पाचवी अडचण प्रयोगशाळेबाहेरची. आमच्या बाजारात कावीळला तेलुगूत 'पच्च कामेर्लू' म्हणतात, शाळेत 'कावीळ', आणि आतल्या गावांत घरची भाषा माडिया किंवा गोंडी. 'बाळ पिवळं झालं का?' हा प्रश्न कुठल्या शब्दांत विचारला, यावर उत्तर ठरतं. प्रश्नावली छापण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवा, कुणाच्या तरी आजीला.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी लहान बाळ असेल तर एक साधी गोष्ट. पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं, पिवळेपणा तळव्यांपर्यंत पोचला, दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा किंचाळल्यासारखं रडू लागलं, तर उन्हावर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. निळ्या प्रकाशाखाली ठेवण्याचा उपचार १९५८ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध झाला. तो साधा आहे आणि वेळेत मिळाला तर मेंदू वाचवतो. डांबराच्या गोळ्यांतले कपडे बाळाला नकोत. आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात, तेव्हा बाळ उजेडात आणून दाखवा.

त्या मुलीला मी रात्री दुसरा मेसेज केला. "आधीचं उत्तर चुकलं. आपल्या भागातलं उदाहरण आहे. पुस्तकात ते दुसऱ्या प्रकरणात ठेवलंय." तिने विचारलं, "मग सेमिनारमध्ये सरांनी विचारलं की हा रक्ताचा आजार इथे कसा, तर काय सांगू?"

सांग, की रक्त ही त्याची वाट आहे. तो कुठे पोचतो ते बघायला मी आलेय.

शेजारच्या मुलाची श्रवणतपासणी, मेंदूच्या देठाचीच, करून घ्यावी असं त्याच्या घरी परवा बोलून आले. त्याची आई म्हणाली, "एवढ्या वर्षांनी काय उपयोग?" त्याचं कारण सापडेलच असं मी म्हणाले नाही. तो किती ऐकतो हे कळलं तर त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरवता येईल, एवढंच म्हणाले. तो शेजारी बसून ऐकत होता. की ऐकत नव्हता, ते आता बघायचंय.